परिटाच्या शेताजवळचा राजा



 जुन्या कराराच्या अभ्यासकांच्या मेळाव्यात अध्यक्षानं मराठीतल्या शास्त्रलेखनाचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. भाष्यं निघाली, अभ्यासपुस्तिका निघाल्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या, १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या भाषांतराचा मात्र पुरेसा अभ्यास झालेला नाही. आढावा इथंच थांबवतो. तीस वर्षं मनात साचलेली एक तक्रार आज मांडायची आहे.

आपण यशया संदेष्ट्याला आजाऱ्याच्या उशाशी नेऊन बसवलं आहे. भरवसा ठेवा, देव बरं करील, एवढ्यासाठीच त्याची वचनं काढायची. पण त्याच्या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडा. यशया कोणाशी बोलतो आहे? राजा आहाजशी, आणि तेही शहराबाहेर, परिटाच्या शेताच्या वाटेवर, वरच्या तळ्याच्या पाटाजवळ. साल इ.स.पू. ७३४च्या आसपासचं. अरामचा राजा रसीन आणि इस्राएलचा राजा पेकह आहाजच्या यरुशलेमवर चालून आलेले. वेढा पडला तर पाण्याचं काय, हे पाहायला आहाज तिथं आला असावा. ‘आमेन’ ज्या धातूतून आला, त्याच धातूची दोन रूपं एकमेकांना भिडवून संदेष्टा त्याला बजावतो की भरवसा ठेवणं आणि पाय रोवून उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आहाजनं ऐकलं नाही. मंदिरातलं सोनं-रुपं काढून त्यानं अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरला पाठवलं आणि स्वतःला त्याचा दास व पुत्र म्हणवून घेतलं. अरामचं दिमिष्क पडलं, आहाज वाचला. पुढची गोष्ट आपण प्रवचनात सांगत नाही. आहाज दिमिष्कला गेला, तिथली वेदी पाहिली आणि तिचा नमुना याजकाकडे धाडला. मंदिरात नवी वेदी उभी राहिली, परमेश्वराची पितळी वेदी बाजूला सरकली.

यशया स्वप्नाळू होता की मुरब्बी मुत्सद्दी, यावर कालच्या परिसंवादात विद्वान मित्र बराच वेळ भांडले. माझ्यापुरता हा वाद केव्हाच मिटला आहे. तरुणपणी मी एका तालुक्याच्या गावी पाळक होतो. दफनभूमीच्या कुंपणावरून तंटा लागला. मंडळीचे पंच म्हणाले, पुढाऱ्याकडे जाऊ. मी पुढं होऊन त्याला हार घातला. महिनाभरात कुंपण झालं. दोन वर्षांनी त्याच पुढाऱ्याच्या माणसांनी शेजारच्या वस्तीतली घरं पाडली. त्या रविवारी मी उपदेश केला तो क्षमेवर! वस्तीतली एक म्हातारी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही. आहाजची वेदी कशी सरकली, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून सांगतो, भिंत बांधू नका, तळं खोदू नका, असं यशया म्हणत नाही. बाविसाव्या अध्यायात त्याचा राग तळ्यावर नाही. तळं बांधताना ज्याच्याकडे पाहायला हवं होतं त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, यावर आहे. त्याला अश्शूरशी केलेला करार खुपतो, कारण रक्षण करणाऱ्याची किंमत वेदीपर्यंत येते. आणि मंदिर आहे म्हणून आपण सुरक्षित, हाही भरवसा खोटाच, असं सांगण्याची पाळी पुढं यिर्मया संदेष्ट्यावर आली.

भरवशासाठी हिब्रूत जे निरनिराळे शब्द आहेत, त्यांचा एक मराठी कोश व्हायला हवा. कोणी, कधी करायचा, ते आपण बसून ठरवू. आज एवढीच विनंती आहे. घरी परतल्यावर सातवा अध्याय आपल्या मंडळीत वाचा. आणि पहिल्यांदा वाचाल तो पंचांच्या बैठकीत, कोणाकडे मदत मागायला जायचं हे ठरण्याच्या आधी.