न दिसणाऱ्या भिंतींचं गणित

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षेप)



आम्ही राज्य शासनाच्या सेवेतले डिप्लोमावाले. आमचं शिक्षण ड्रॉइंग बोर्डावर झालं. समोरून न दिसणारी कड तुटक रेषेने दाखवायची, हा तिथला सुरुवातीचा धडा. कोणती कड लपते हे माणसाला बघताक्षणी कळतं. संगणकाकडे मात्र फक्त आकडे असतात. त्याला ते हिशेबाने काढावं लागतं. हा हिशेब सर्वांत निकडीचा ठरला तो वैमानिकांच्या प्रशिक्षणात.

सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरचं नकली कॉकपिट. पूर्वी त्याच्या काचेबाहेरचं दृश्य दाखवायला आपल्या गणपतीच्या आराशीसारखं छोटं गाव, धावपट्टी, टेकड्या तयार करत आणि त्यावरून कॅमेरा फिरवत. पण देखावा संपला की उड्डाणही संपलं! म्हणून १९६०च्या दशकात अमेरिकेत संगणकाकडूनच दृश्य काढून घेण्याचे प्रयत्न सुरू झाले.

अडचण होती वेळेची. वैमानिकाने दांडा वळवला की दृश्य लगेच वळायला हवं. सेकंदाला ३० चित्रं धरली, तर एका चित्राला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रत्येक भिंत दुसऱ्या प्रत्येक भिंतीशी ताडून पाहायची म्हटलं, तर १,००० भिंतींच्या जवळजवळ ५ लाख जोड्या होतात. आणि चूक परवडत नाही. टेकडीमागची धावपट्टी टेकडीच्या अंगावर उमटली, तर शिकाऊ वैमानिकाच्या नजरेला चुकीच्या अंतराची सवय लागायची.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या शूमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी केलेल्या अभ्यासात यावर छान युक्ती मांडली. विमान हलतं, पण विमानतळ हलत नाही! मग इमारत आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक काल्पनिक पडदा आधीच उभा करून ठेवा. वैमानिक पडद्याच्या ज्या बाजूला असेल, त्या बाजूच्या वस्तूला पलीकडची वस्तू कधीच झाकू शकत नाही. उड्डाण चालू असताना तपासायचं ते एवढंच, की डोळा कोणत्या बाजूला आहे. शिवाय ज्या भिंतीची पाठ आपल्याकडे, ती काढायचीच नाही. मोदकांचं सारण आदल्या रात्री करून ठेवलं की आरतीच्या वेळी धावपळ होत नाही, तसंच हे.

दृश्यात दुसरं विमान हिंडू लागलं की मात्र ही पूर्वतयारी अपुरी पडते. १९७४ मध्ये युटा विद्यापीठातल्या प्रबंधात एड कॅटमल यांनी वेगळी वाट दाखवली. स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यासोबत त्याचं अंतरही लिहून ठेवायचं आणि नवी वस्तू जवळची असेल तरच जुना ठिपका पुसायचा. ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांना २,६२,१४४ अंतरं साठवावी लागतात. तेव्हा मेमरी फार महाग होती. ती स्वस्त झाली आणि आज आपल्या मुलांच्या मोबाइलवरचे खेळ याच पद्धतीवर चालतात.

पडद्याची युक्तीही वाया गेली नाही. १९८० मध्ये फुक्स, केडेम आणि नेलर यांनी ती पुढे नेली, आणि १९९३च्या ‘डूम’ या गाजलेल्या खेळात ती कामी आली.

आपल्या मंडळातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना सांगायचं ते इतकंच. वेगवान यंत्र येईल तेव्हा बघू, असं म्हणून ही माणसं थांबली नाहीत. काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे त्यांनी आधी वेगळं केलं. निम्मं काम तिथेच झालं.

गणपती बाप्पा मोरया!