काळ्या चौकटीची साक्षरता
(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा निवृत्त शिक्षकाकडून शिक्षणविषयक भाषणाचीच अपेक्षा त्यांनी केली असावी. आमचा आजचा विषय वरकरणी निराळा वाटेल. परंतु तोही साक्षरतेचाच आहे. भाजीच्या गाडीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत जिकडेतिकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जी चौकट चिकटविलेली दिसते, जिला क्यूआर कोड म्हणतात, तिच्याविषयी आम्ही बोलणार आहो. आपल्या घराघरांत वडीलधारी मंडळी या चौकटीला भितात, तर तरुण मंडळी डोळे मिटून तिच्यावर विसंबतात. दोहोंचे मूळ एकच. ही चौकट म्हणजे काय, हे त्यांस कोणी समजावून सांगितलेले नाही.

या चौकटीचा जन्म पैशाच्या व्यवहारासाठी झालेला नाही. 1994 साली जपानमधील डेन्सो समूहात मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी ती सिद्ध केली. पूर्वीच्या उभ्या रेघांच्या बारकोडात वीसेक अक्षरेच मावत. या चौकटीत निव्वळ आकडे लिहिल्यास 7,089 पर्यंत मावतात. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन यंत्रास दिशा दाखवितात. म्हणून चौकट उलटीसुलटी धरली तरी वाचता येते. थोडक्यात, ही एक लिपी आहे. फरक इतकाच, की ती माणसाच्या डोळ्यांनी वाचता येत नाही, यंत्राच्या डोळ्यांनी वाचावी लागते.

आता प्रचलित गैरसमजांकडे वळू.

पहिला गैरसमज असा, की प्रत्येक चौकट पैशाचीच असते. वस्तुतः बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही ती छापलेली असते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी पुस्तकांत अशा चौकटी घालून मुलांपर्यंत धडे पोहोचविले आणि 2020 साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला, ही आम्हां शिक्षकांस भूषणाची गोष्ट होय. 1 ऑगस्ट 2023 पासून देशात 300 प्रमुख औषधांच्या वेष्टनांवरही अशी खूण बंधनकारक झाली आहे.

दुसरा गैरसमज, चौकटीवर ओरखडा पडला की ती निरुपयोगी होते. तिच्या रचनेतच चुकांची दुरुस्ती करणारे गणित योजिलेले आहे. सर्वांत वरच्या प्रतीच्या चौकटीत सुमारे 30 टक्के मजकूर बिघडला तरी तो पुन्हा जुळविता येतो. तसेच चौकटीची मुदत आपोआप संपत नाही. मात्र तिच्यात एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असेल आणि ते स्थळच बंद पडले, तर पत्ता शाबूत राहून घर पडल्यासारखे होते.

तिसरा गैरसमज दुकानदार बंधूंचा. आपली चौकट परक्याच्या हाती गेली तर तो आपले खाते रिकामे करील, अशी भीती काहींना वाटते. पैसे स्वीकारण्याची चौकट ही टपालपेटीसारखी असते. तिच्यात टाकता येते, तिच्यातून काढता येत नाही. खरा धोका वेगळाच आहे. आपल्या चौकटीवर कोणी स्वतःची चौकट चिकटविली, तर दिवसाची विक्री त्याच्या खात्यात जाईल. म्हणून सकाळी दुकान उघडताच ती एकदा तपासावी, आणि ग्राहकाने दाखविलेल्या चित्रावर न विसंबता रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करावी.

चौथा गैरसमज सर्वांत घातक आहे. जुने कपाट विकण्याची जाहिरात आपण देतो, कोणी गोड बोलून चौकट पाठवितो आणि म्हणतो, "ही स्कॅन करा, गुप्त क्रमांक घाला, पैसे तुमच्या खात्यात येतील." बंधुभगिनींनो, पैसे घेण्यासाठी आपण चौकट स्कॅन करावयाची नसते आणि गुप्त क्रमांक तर कधीच घालावयाचा नसतो. गुप्त क्रमांक ही देणाऱ्याची सही होय, घेणाऱ्याची नव्हे. 2016 साली यूपीआयची पद्धत आपल्याकडे सुरू झाली, तिचा हा पहिला धडा आहे. परंतु तो अनेकांस पैसे गमावल्यानंतरच कळतो.

येथे आम्हांस मागच्या पिढ्यांची आठवण होते. न वाचता येणाऱ्या कागदावर सावकारापुढे अंगठा उठविला आणि जमीन गेली, अशा कथा आपल्या कोणत्या घरात नाहीत? तो अंगठा सुटावा म्हणूनच पूर्वजांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांस शाळेत धाडले. आता पदवीधर नातवंडेही पडद्यावरील नाव व रक्कम न वाचता बोट टेकवितात. हा पुन्हा अंगठाच नव्हे काय? स्कॅन केल्याबरोबर पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव उमटते; अनोळखी चौकटीतून संकेतस्थळाचा पत्ता उमटतो. तेथे क्षणभर थांबून वाचणे, एवढीच या नव्या लिपीची साक्षरता आहे.

एवढे करूनही कोणी फसलाच, तर लाजेपोटी ती गोष्ट झाकून ठेवू नये. विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व आपल्या बँकेस कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी. आणि घरच्यांनी त्यास दोष देण्यापूर्वी धीर द्यावा. फसवणारा दोषी असतो, फसलेला नव्हे.

तरुण मित्रांना आमची एक विनंती आहे. आजी-आजोबांच्या हातातून फोन घेऊन, "द्या, मीच करतो," असे म्हणू नका. त्यांच्याशेजारी बसा, एक रुपया त्यांच्याच हातून पाठवून दाखवा, नाव कोठे उमटते ते त्यांनाच वाचू द्या. ज्यांनी तुम्हांस अक्षरे गिरवावयास शिकविले, त्यांस ही लिपी शिकविण्याची पाळी आता तुमची आहे.

आज सभागृहाच्या दाराशी विद्यार्थी साहाय्य निधीची चौकट लावलेली आहे. आपण यथाशक्ति साहाय्य कराल, अशी आमची खात्री आहे. तेथेही आधी आपल्या संघाचे नाव वाचा आणि मगच पैसे द्या. संशय म्हणून नव्हे, सवय म्हणून.