परीक्षानळीतील रंग आणि शरीरातील औषध

(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



औषधी वनस्पती हा विषय आपल्या घरांना नवा नाही. खोकल्याला अडुळसा, जखमेवर हळद, पोटाच्या तक्रारीवर कलौंजी हे आपण दादी-नानीकडून शिकलो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा युनानी वैद्यकाला राजाश्रय होता, आणि त्या वैद्यकाविषयी आपल्या समाजात आजही आदर आहे. अलीकडे मात्र या जुन्या नावांना एक नवा शब्द येऊन चिकटला आहे, तो म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट’. चहाच्या पुड्यावर तो असतो, तेलाच्या बाटलीवर असतो, काढ्याच्या जाहिरातीत तर असतोच. इकडे आपले एम.एस्सी.चे विद्यार्थी ‘अमुक वनस्पतीच्या अर्काचे अँटिऑक्सिडंट व डी.एन.ए.संरक्षक गुणधर्म’ अशा मथळ्याचे प्रकल्प करीत असतात. तो मथळा घरी वाचला जातो आणि घरात त्याचा अर्थ असा लावला जातो की, या झाडपाल्याने कर्करोग बरा होतो. मथळा आणि हा अर्थ यांच्यामध्ये किती मोठे अंतर आहे, ते आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

प्रथम ऑक्सिडीकरण म्हणजे काय ते पाहू. वांगे चिरून ठेवले की काळे पडते, लोखंड गंजते. दोन्हीकडे हवेतील ऑक्सिजन काम करीत असतो. आपण श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन पेशींत अन्नापासून ऊर्जा मिळविण्यासाठी खर्च होतो. या व्यवहारात काही अर्धवट, अतिशय चंचल कण निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलक म्हणतात. त्यांच्याजवळ एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो आणि तो भरून काढण्यासाठी ते शेजारच्या रेणूवर झडप घालतात. शेजारी डी.एन.ए. असला तर त्याला इजा होते. तंबाखूचा धूर, किरणोत्सर्ग आणि शरीरातील दीर्घकाळची सूज यांमुळे ही इजा वाढते. जो पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन या मूलकाला शांत करतो तो अँटिऑक्सिडंट.

परंतु परमेश्वराने शरीराला यासाठी बाटलीची वाट पाहत ठेवलेले नाही. शरीराजवळ स्वतःची विकरे आहेत, ग्लुटाथायोन आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डी.एन.ए. दुरुस्त करणारे कारागीर आहेत. या दुरुस्तीच्या शोधासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्यांपैकी अझीझ संजार हे तुर्कस्तानातील सावुर या छोट्या गावचे. आठ भावंडांतील सातवे. आईवडिलांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकले पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. सूर्यातील अतिनील किरणांनी बिघडलेला डी.एन.ए.चा तुकडा पेशी कसा कापून काढते आणि तेथे नवा कसा बसविते, हे संजार यांनी उलगडून दाखविले. हे थोडे विषयांतर झाले खरे, पण येथे बसलेल्या पालकांपैकी ज्यांना शाळा लाभली नाही, त्यांच्यासाठी ते मुद्दाम केले.

आता प्रयोगशाळेत काय घडते ते पाहू. डी.पी.पी.एच. नावाचा एक गडद जांभळा पदार्थ असतो. तो स्वतःच एक स्थिर मुक्त मूलक आहे. त्यात वनस्पतीचा अर्क घातला आणि जांभळा रंग उतरून पिवळट झाला, की अर्कात इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देणारे पदार्थ आहेत असे समजते. रंग किती उतरला ते यंत्रावर मोजतात आणि क जीवनसत्त्वाशी त्याची तुलना करतात. डी.एन.ए.चा प्रयोग अधिक देखणा आहे. जिवाणूतील डी.एन.ए.चे छोटे कडे घेतात. चांगल्या स्थितीत ते दोरीला पीळ द्यावा तसे घट्ट पिळलेले असते. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणातून अतिशय मारक मूलक तयार करून त्यावर सोडले की एखादा धागा तुटतो आणि पीळ सैल होतो. सैल कडे जेलमधून हळू सरकते, म्हणून दोघांचे पट्टे वेगळे दिसतात. अर्क घातल्यावर पीळ टिकून राहिला तर संरक्षण झाले असे लिहितात.

हा निष्कर्ष खोटा नसतो. तो केवळ त्या नळीपुरता असतो. आवळा, हिरडा, डाळिंबाची साल, चहा, कोणत्याही तुरट पदार्थाचा अर्क घ्या, जांभळा रंग बहुधा उतरेलच. यात आश्चर्य करण्यासारखे फारसे नाही. शिवाय तोच पदार्थ परिस्थिती बदलली की उलटही वागतो. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील प्रा. एस. एम. हादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवून दिले की, कांद्यात आढळणारे क्वेर्सेटिन तांब्याच्या सान्निध्यात डी.एन.ए.चे धागे तोडते. म्हणजे एरवी जो रक्षक समजला जातो, तोच येथे तोडणारा ठरला. पुढे याच गुणाचा कर्करोगाच्या पेशींविरुद्ध काही उपयोग होईल काय, या दिशेने हादी यांनी विचार केला. शास्त्रज्ञ आणि जाहिरातदार यांतील फरक मला येथे दिसतो.

दुसरी अडचण शोषणाची. हळदीतील कर्क्युमिन परीक्षानळीत मोठा पराक्रम गाजविते, पण तोंडावाटे घेतले तर रक्तात फारच थोडे पोचते. बंगलोरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा ही उपलब्धता २० पटींनी वाढली. स्वयंपाकघरात हळद आणि मिरे एकत्र येतात याचे आपणांस कौतुक वाटेल, मलाही वाटते. पण २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन म्हणजे आपल्या भाजीतील चिमूटभर हळद नव्हे. हळदीत कर्क्युमिन शेकडा २ ते ५ इतकेच असते.

तरीही माणसांवर पडताळा घेता येतो. पूर्वी ज्या राज्यात आपण होतो त्याच्या राजधानीत, हैदराबादला, राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तेथील संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ जुन्या धूम्रपान करणाऱ्यांना दररोज दीड ग्रॅम हळद ३० दिवस दिली. त्यांच्या लघवीतून बाहेर पडणारे, जनुकांत बिघाड करणारे पदार्थ लक्षणीयरीत्या कमी झाले. उत्तम निष्कर्ष! पण यावरून ‘हळद खा आणि खुशाल बिडी ओढा’ असे कोणी म्हणेल तर तो आपल्या मुलांचा वैरी आहे. १६ माणसे, ३० दिवस, आणि मोजली ती लघवी. कर्करोग टळला की नाही, हे त्यात पाहिलेलेच नव्हते.

जेथे ते पाहिले तेथे काय झाले? गाजराला केशरी रंग देणारे बीटा कॅरोटीन हे नावाजलेले अँटिऑक्सिडंट. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याच्या गोळ्यांची चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आला तो असा की, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशाच एका चाचणीत, तेथे जोडीला अ जीवनसत्त्वही दिले होते, ही वाढ २८ टक्के होती. १९९६ मध्ये ती मुदतीपूर्वीच थांबविली गेली. गाजर खाण्यात धोका आहे असा याचा अर्थ नाही. तोच घटक वेगळा काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर त्याची वागणूक बदलली, एवढे त्यातून कळते.

आपल्या महाराष्ट्रातील ताजे उदाहरण गुळवेलीचे. कोरोनाच्या साथीत, २०२० च्या उत्तरार्धात, गुळवेलीचे सेवन करणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांना आढळले. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकेल. पुढील वर्षी देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. या वादात न शिरताही एवढे लक्षात येते की, वेल कोणती, किती दिवस आणि कोणत्या रुग्णाला, हे प्रश्न विचारल्याशिवाय तिला निरुपद्रवी म्हणता येत नाही.

मग वनस्पतीतून औषध होतच नाही काय? होते, त्याचा नमुनाही आपल्याच राज्यात आहे. सर्पगंधेचे मूळ वैद्य आणि हकीम पिढ्यान्‌पिढ्या वापरीत होते. हकीम अजमल खान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये या मुळातून स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. हृदयाच्या एका विशिष्ट विकाराच्या निदानासाठी डॉक्टर ते आजही वापरतात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी घेऊन १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निबंध लिहिला, आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसर्पीन वेगळे झाले. त्याने काही रुग्णांना नैराश्य येते हेही पुढे कळले. हकिमाचा अनुभव, रसायनतज्ज्ञाची चिकाटी आणि डॉक्टरची मोजदाद अशा तीन हातांतून ते मूळ गेले, तेव्हा त्याचे औषध झाले.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की, प्रकल्प जरूर करा, पण वनस्पती बाजारातून पुडीत आणू नका. ती फुलाफळांसह गोळा करा, डॉ. वि. ना. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’शी ताडून पाहा, वाळविलेला नमुना विभागात ठेवा, गोळा केल्याची जागा आणि तारीख लिहा. अर्क कोणत्या द्रावकात काढला ते स्पष्ट सांगा. मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क आणि घरचा काढा या दोन भिन्न वस्तू आहेत. नुसत्या द्रावकाची तुलनेची नळी वगळू नका. आणि घरी कोणी विचारले, ‘बेटा, मग हे प्यायचे का?’ तर ‘अजून कोणाला माहीत नाही, अम्मी’ असे सांगण्याची लाज वाटू देऊ नका.

पालकांना एकच विनंती. मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या गोळ्या कोणत्याही अर्काच्या भरवशावर बंद करू नका. क्षयाची काही औषधे आधीच यकृतावर भार टाकतात; त्यांच्या जोडीला काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका, शक्य झाल्यास बाटलीच सोबत न्या. हळद घेताना मात्र रंगापेक्षा खात्री पाहा. पिवळेपणा खुलावा म्हणून काही ठिकाणी तिच्यात शिशाचा क्रोमेट मिसळल्याचे आढळले आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. आपल्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात वसमतला हळदीचे मोठे पीक येते. तेथून अख्खी हळकुंडे आणून घरी किंवा ओळखीच्या गिरणीत दळून घेणे अवघड नाही.