शेडनेटमधली हिशेबाची वही

शाळेत शेडनेट उभं राहिलं की आपण म्हणतो, "माती कालवायला का पोरं शाळेत धाडली?" पण एक ट्रे बघा. त्याला ९८ कप्पे. कोकोपीट भरून टोमॅटोचं बी टाकलं, ९१ उगवलं, तर शेकडा किती? हे गणितच झालं. २५ ते ३० दिवसांत रोप लावणीला येतं. त्याआधी पाणी कमी करून ते कणखर करायचं. मग खर्च काढून दर ठरवायचा. गच्चीत, गॅलरीत भाजी लावणाऱ्या शहरातल्या बायांना हीच रोपं हवी असतात.

ही रीत नवी नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तो काम करत शिकण्यासाठीच.

फक्त एक पाहा. झारी आणि झाडू मुलींकडे, ठिबकचा व्हॉल्व्ह आणि हिशेबाची वही मुलांकडे, असं तर होत नाही ना? नुसतं पाणी घालून धंदा कळत नाही. खत किती, दर किती, हे स्वतः ठरवलं की कळतो. येत्या पालकसभेत गटातल्या बायांनी एवढंच विचारावं: आमच्या लेकीच्या हाती वही कधी देणार?