बहुप्रक्षेपक पारदर्शिका : एका लोपलेल्या कलेचे स्मरण

(दृक्‌श्राव्य माध्यमांविषयीच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज एखाद्या सभेत पडद्यावर चित्र दाखवायचे असेल, तर संगणकाची एक कळ दाबणे पुरेसे असते. त्या चित्राला आजही 'स्लाइड' असेच म्हणतात. मात्र ज्या वस्तूचे ते नाव होते ती वस्तू बहुतेकांच्या हातून केव्हाच सुटली आहे. पाच सेंटिमीटर लांब-रुंद चौकट, तिच्यात बसविलेला २४ बाय ३६ मिलिमीटरचा फिल्मचा रंगीत तुकडा आणि त्यातून पलीकडे जाणारा तीव्र प्रकाश, ही खरी स्लाइड किंवा पारदर्शिका. अशा शेकडो पारदर्शिका आणि दहा-पंधरा प्रक्षेपक यांचा मेळ घालून कार्यक्रम सादर करण्याची एक स्वतंत्र कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोप येथे उदयास आली, बहरली आणि अवघ्या काही वर्षांत मावळली. ती कला जाणणारी मंडळी आज वार्धक्याकडे झुकली आहेत आणि जुनी यंत्रे जिव्हाळ्याने जपत आहेत. त्यांच्या हळहळीमागे नुसता भावनेचा उमाळा नाही. लोकशिक्षणाचे काम करणाऱ्यांनी लक्षात घ्यावा असा धडाही तीत आहे.

मायादीपापासून आरंभ

एका चित्रात दुसरे चित्र विरघळविण्याची क्लृप्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन किंवा तीन भिंगांचे मायादीप वापरात होते. एका भिंगाचा प्रकाश मंद करीत दुसऱ्याचा वाढविला, की दिवसाची रात्र होई, उन्हाळ्याचा हिवाळा होई. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेतील असे प्रयोग त्या काळी अतिशय गाजले होते.

या परंपरेत महाराष्ट्राचेही मानाचे स्थान आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने मायादीपाचे खेळ सुरू केले. काचेवर हातांनी रंगविलेल्या चित्रांतून रामायण-महाभारतातील कथा पडद्यावर साकार होत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली. म्हणजे त्यापूर्वीच मराठी प्रेक्षक पडद्यावरील प्रकाशचित्रांना सरावू लागला होता.

वर्तुळाकार तबक

काचेची जागा फिल्मने घेतली ती कोडाक्रोममुळे. ईस्टमन कोडॅक कंपनीची ही रंगीत फिल्म १९३५ मध्ये प्रथम चलच्चित्रांसाठी आली आणि १९३६ मध्ये स्थिर छायाचित्रांसाठी उपलब्ध झाली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, याच कंपनीने 'कॅरोसेल' हा प्रक्षेपक बाजारात आणला. त्याच्या डोक्यावर ८० पारदर्शिकांचे वर्तुळाकार तबक बसे. तबक एक घर पुढे सरके आणि पारदर्शिका स्वतःच्या वजनाने खाली, दिव्यासमोर उतरे. स्प्रिंगने ढकलण्याची किंवा ओढण्याची भानगड नसल्यामुळे ती अडकण्याचे प्रमाण पुष्कळच कमी झाले. व्यावसायिकांसाठी याच धर्तीवर 'एक्टाग्राफिक' हे अधिक दणकट यंत्र निघाले. घरातील सहलीची चित्रे दाखविणारे साधन अशा रीतीने रंगमंचावरचे साधन झाले.

एका प्रक्षेपकात एक मूलभूत उणीव असते. चित्र बदलताना पडदा क्षणभर काळा पडतो. दोन प्रक्षेपक एकाच पडद्यावर रोखले आणि एकाचा दिवा मंदावत असता दुसऱ्याचा उजळविला, की हा काळोख नाहीसा होतो. हे काम करणाऱ्या उपकरणास 'डिझॉल्व्ह युनिट' म्हणत. परंतु तबक पुढे सरकण्यास सुमारे एक सेकंद लागतोच. म्हणून तिसरा प्रक्षेपक जोडला जाई. एक चित्र दिसत असता दुसरे सज्ज असे आणि तिसरा प्रक्षेपक तबक बदलून घेई. तीन यंत्रांच्या या जोडणीमुळे स्थिर चित्रांतून हालचालीचा भास निर्माण करता येऊ लागला. शेजारी शेजारी तीन पडदे मांडले की नऊ प्रक्षेपक होत. मोठ्या कार्यक्रमांत ही संख्या पंधरा-अठरावर जाई. पंधरा प्रक्षेपकांची तबके भरावयाची म्हणजे १,२०० पारदर्शिका, आणि तेवढ्यांचा कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांत संपून जाई!

मॉस्को आणि माँट्रिऑल

अनेक चित्रे एकदम दाखवून विचार पोचविता येतो, हे जगाला पटवून देणाऱ्यांत चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल सादर करून अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या स्थापनेस वैचारिक आधार देणारे ते हेच दांपत्य. लगेच पुढच्या वर्षी मॉस्को येथील अमेरिकन प्रदर्शनात त्यांनी सात भव्य पडद्यांवर अमेरिकेचे दर्शन घडविले. दोन हजारांहून अधिक चित्रे सुमारे बारा मिनिटांत दाखविली गेली. ही मुख्यतः स्थिर छायाचित्रे असली, तरी ती सात चलच्चित्र फितींवर उतरविलेली होती.

१९६७ च्या माँट्रिऑल जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाने याहून धाडसी पाऊल टाकले. नेपथ्यकार जोसेफ स्वोबोदा आणि दिग्दर्शक एमिल रादोक यांच्या 'डायापोलिएक्रान'मध्ये ११२ ठोकळ्यांची एक भिंत होती. प्रत्येक ठोकळ्यात दोन प्रक्षेपक होते आणि ठोकळे मागेपुढे सरकत. सुमारे १५,००० पारदर्शिकांच्या साहाय्याने तेथे विश्वनिर्मितीची कथा सांगितली गेली. या यशानंतर वस्तुसंग्रहालये, पर्यटन केंद्रे आणि विशेषतः मोठमोठ्या कंपन्यांच्या वार्षिक सभा यांत बहुप्रक्षेपक कार्यक्रमांना मागणी आली. अमेरिकेत त्यांच्या निर्मात्यांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि त्यांच्या स्पर्धाही भरू लागल्या.

एका कार्यक्रमाची घडण

कार्यक्रमाची खरी मेहनत पडद्यामागे असे. प्रथम संहिता, मग निवेदन व संगीताची ध्वनिफीत, आणि त्यानंतर चित्रांची जुळवणी. प्रकाशित काचेच्या टेबलावर शेकडो पारदर्शिका पसरून, बारीक भिंगातून पाहून निवड केली जाई. शीर्षके व आलेख यांसाठी कोडालिथ नावाची तीव्र विरोधाची फिल्म वापरीत. तिच्यावर केवळ काळे आणि पारदर्शक असे दोनच भाग उरत. त्या पारदर्शक भागातून रंगीत प्रकाश सोडला की रंगीत अक्षरे उमटत. 'फोरॉक्स'सारख्या कॅमेऱ्यावर एकाच फिल्मवर अनेकदा प्रकाश पाडून संमिश्र चित्रे तयार होत.

तीन पडद्यांवर मिळून एकच विशाल देखावा दाखवायचा असेल, तर चित्रांच्या कडा एकमेकींवर चढवाव्या लागत. तेथे दुहेरी प्रकाश पडून पट्टा दिसू नये म्हणून प्रत्येक चित्राची कड क्रमाक्रमाने गडद होत जाणाऱ्या मुखवट्याने झाकीत. हे सारे केसभरही सरकून चालत नसे. म्हणून फिल्मच्या छिद्रांत बसणाऱ्या बारीक खुंट्या असलेल्या काचेच्या चौकटी वापरात आल्या. पुठ्ठ्याच्या चौकटीत फिल्म दिव्याच्या उष्णतेने फुगे आणि चित्र अस्पष्ट होई. काचेत ती सपाट राही. पण काच आणि फिल्म एकमेकींस भिडल्या की इंद्रधनुष्यी वलये उमटत. त्यासाठी खास खरबरीत पृष्ठभागाची काच वापरावी लागे.

पारदर्शिका तबकात उलटी घालावयाची असे, कारण भिंग प्रतिमा उलटी करते. चूक टाळण्यासाठी सरळ धरलेल्या पारदर्शिकेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर खूण करीत. तबकात घालताना ती खूण वरच्या उजव्या कोपऱ्यात आली पाहिजे, एवढा साधा नियम होता. हजार पारदर्शिकांपैकी एक जरी उलटी गेली, तरी ती सभागृहातील सर्वांना दिसे. सुती हातमोजे, धूळ झाडण्याचा मऊ कुंचला आणि दिव्यांचा राखीव साठा यांवाचून कोणी कार्यक्रमाला जात नसे.

फितीवरील आज्ञा

इतके प्रक्षेपक हातांनी चालविणे अशक्यच. म्हणून सूचना प्रथम छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर आणि पुढे ध्वनिफितीवर नोंदविल्या जाऊ लागल्या. चार मार्गांच्या फितीवर दोन मार्ग संगीत व निवेदनासाठी असत, एक मोकळा ठेवीत आणि चौथ्यावर यंत्रांसाठी संकेत असत. प्रेक्षकांना त्यांचा आवाज ऐकू येत नसे. प्रारंभीच्या पद्धतीत संकेत केवळ 'पुढे चला' एवढेच सांगत. एक संकेत हुकला की पुढील सारा कार्यक्रम एका चित्राने मागे पडे, आणि निवेदक धरणाविषयी बोलत असता पडद्यावर विमान दिसे. नंतरच्या पद्धतींत फितीवर वेळेची नोंद आली. त्यामुळे यंत्राला आपले स्थान स्वतः शोधता येऊ लागले. १९८० मध्ये अमेरिकेतील ऑडिओ व्हिज्युअल लॅबोरेटरीज या संस्थेने खास याच कामासाठी 'ईगल' नावाचा छोटा संगणक आणला. घराघरांत संगणक पोचण्यापूर्वीच चित्रांच्या या कारागिरांनी तो कामाला जुंपला होता.

अस्त

या कलेचा शेवट ज्या साधनांनी केला, त्यांपैकी एकाचा जन्म तिच्याच सेवेत झाला. १९८७ मध्ये 'पॉवरपॉइंट' ही संगणकप्रणाली आली. तिच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत संगणकावर रचलेली रंगीत चित्रे खऱ्या पारदर्शिकांवर छापून घेण्याची सोय होती. पुढे संगणकाचे चित्र थेट पडद्यावर टाकणारे प्रक्षेपक सुधारले आणि पारदर्शिकेची गरजच उरली नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये कोडॅकने पारदर्शिकांचे प्रक्षेपक बनविणे थांबविले आणि २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली. तिची शेवटची तयार झालेली गुंडाळी छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना देण्यात आली. तिच्यावरील छत्तीस चित्रांपैकी काही त्यांनी मुंबईत व राजस्थानात घेतली. १९६१ ते २००४ हा काळ एका पिढीच्या नोकरीएवढाच भरतो.

आठवणीचे मोल

या कलेची आठवण काढणारे म्हणतात, की त्या चित्रांची स्पष्टता पुढे दीर्घकाळ कोणत्याही विद्युत्-साधनाला गाठता आली नाही. हे खरे आहे. त्या काळातील अमेरिकन दूरचित्रवाणीचे चित्र ५२५ रेषांचे असे, आणि मोठ्या पडद्यावर ते चांगल्या पारदर्शिकेपुढे फिके पडे. परंतु स्मरणरंजनात काही गोष्टी विसरल्या जातात. हा मार्ग खर्चिक होता. एक कार्यक्रम दुसऱ्या गावी न्यावयाचा, तर यंत्रांचे ट्रकभर सामान, ते मांडण्यासाठी कुशल माणसे आणि प्रक्षेपकांच्या रोखाची तासन्‌तास जुळवणी आवश्यक असे. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनाच ते परवडे. आज एखाद्या खेड्यातील शिक्षिका फोनवर घेतलेली चित्रे दहा मिनिटांत वर्गाला दाखवू शकते. ही प्रगतीच आहे, आणि तिच्याविषयी खंत करण्याचे कारण नाही.

खंत वेगळ्याच गोष्टीची आहे. या कार्यक्रमांपैकी फारच थोडे आज जसेच्या तसे पाहता येतील. पारदर्शिका उजेडासमोर धरली की आजही दिसते. परंतु कोणते चित्र कोणत्या पडद्यावर, कोणत्या शब्दाला, किती वेगाने उमटायचे, हे जुन्या चकत्यांत आणि फितींवरील संकेतांत कोंडलेले राहिले. ते वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती चालविणारे हात थकले. चित्रे टिकली, पण त्यांचा क्रम हरवला. हजार शब्द पेटीत भरून ठेवले म्हणून त्यांचा निबंध होत नाही, तसेच हे आहे.

कपाटातील पेट्या

हा प्रश्न दूरदेशीचा वाटला, तरी त्याचे धागे येथवर पोचतात. चित्रपटगृहांतील मध्यंतराच्या काचपट्ट्या, शाळांतील फिल्मपट्ट्या, कृषिविस्तार व आरोग्यशिक्षणाच्या कामासाठी वापरलेल्या पारदर्शिका यांच्याशी महाराष्ट्रातील जुन्या पिढीचा परिचय आहे. अशा पेट्या एखाद्या शाळेच्या, कार्यालयाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात अजून असतील, तर 'यंत्रच नाही, मग ठेवायच्या कशाला?' असे म्हणून त्या टाकून देऊ नयेत.

प्रथम त्यांचा क्रम बिघडू न देता त्यांना अनुक्रमांक द्यावेत. चौकटीवरील मजकूर जसाच्या तसा नोंदवहीत उतरवावा. सोबत निवेदनाचे टंकलिखित किंवा ध्वनिफीत असेल, तर ती त्याच पेटीत ठेवावी. चित्रांतील गाव, नदी, बंधारा आणि माणसे ओळखणारे कोणी ज्येष्ठ हयात असतील, तर त्यांना बोलावून त्यांची साक्ष लिहून घ्यावी. हे काम पुढील वर्षावर ढकलता येत नाही. पावसाळ्यातील दमट हवेने फिल्मवर बुरशी चढते, म्हणून पेट्या कोरड्या व थंड जागी असाव्यात. चित्रांच्या संगणकीय प्रती करून घ्याव्यात आणि मूळ पारदर्शिका प्रक्षेपकावर वारंवार लावू नयेत. कोडाक्रोमचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात, परंतु प्रक्षेपकाच्या दिव्यासमोर ते लवकर विटतात. पूर्वी जे चित्र लोकांना सर्वाधिक आवडले आणि म्हणून सर्वाधिक दाखविले गेले, तेच आज सर्वांत फिके असण्याचा संभव असतो.

आणि शेवटचा मुद्दा आजच्या कामाविषयीचा. संगणकावर तयार होणारी आजची सादरीकरणेही उद्याच्या यंत्रांना वाचता येतीलच, असे नाही. कोणत्याही योजनेचे, गावाचे किंवा शाळेचे चित्ररूप दर्शन तयार झाले, की त्यातील चित्रांची यादी, स्थळ, दिनांक आणि निवेदन साध्या कागदावर छापून दप्तरी ठेवावे. बहुप्रक्षेपक कार्यक्रमांच्या कुशल कारागिरांनी पडद्यावर काही उणे ठेवले नाही. उणी राहिली ती नोंद. ती ठेवण्यास फार खर्च येत नाही, केवळ वेळच्या वेळी ठेवावी लागते.