बाबेलचा बुरूज आणि बोरघाट



कर्जत सोडून गाडी घाट चढू लागते, खालापूरकडची दरी खोल खोल जाते, आणि प्रवाशाच्या तोंडून उद्गार निघतो : माणसाने काय करून दाखविले! हा अभिमान जुना आहे. बायबलातील ‘उत्पत्ती’च्या ११ व्या अध्यायात माणसे आकाशाला भिडणारा बुरूज बांधू लागतात, परमेश्वर त्यांच्या भाषेत घोळ करतो आणि काम अर्धवट राहते.

फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेल याने १५६३ साली रंगविलेला हा बुरूज आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्या काळी तिकडील चित्रकार धर्मकथा विस्तीर्ण निसर्गदृश्यात मांडीत; ब्रॉयगेलने तर तरुणपणी आल्प्स ओलांडला होता. त्याचा बुरूज डोंगराच्या खडकातूनच वर आला आहे. शेंडा ढगांत, पायथा अपुरा, सारी इमारत कललेली. कोपऱ्यात निम्रोद राजा पाहणीस आला आहे. पाथरवट त्याच्यापुढे गुडघे टेकून आहेत. मूळ अध्यायात राजाचा उल्लेखही नाही, तो पुढील परंपरेचा. परंतु चित्रकाराने त्याला पुढे उभे केले आणि गर्व कोणाचा व घाम कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला.

त्यानंतर बरोबर ३०० वर्षांनी, १८६३ साली, गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. चढण १८०० फुटांहून अधिक, बोगदे सुमारे २५. १८६१ साली कामावर ४० हजारांहून अधिक मजूर होते. पटकीच्या साथींनी त्यांच्या वस्त्या ओस पाडल्या. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजूर उठले. ते नाना मुलखांतून आलेले, बोली निरनिराळ्या; पण पैसे बुडत आहेत हे समजण्यास दुभाषा लागला नाही. बाबेलची कथा येथे उलटी झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे १८६७ साली घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला. बांधकामातच खोट होती.

कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच वारले आणि पत्नी अॅलिस यांनी कंत्राट पुढे चालविले, हे इतिहासात नावानिशी आहे, ते योग्यच. ब्रॉयगेलच्या चित्रात चुन्याने पांढरे झालेले, चाकात चालून यारी फिरविणारे इवले मजूर एकेक करून रंगविलेले आहेत. घाटातल्या मजुरांची गणती तेवढी कागदोपत्री उरली.