चुकलेलं उत्तर काय सांगतं?

बारावीनंतर वैद्यकीय शाखेला जायचं तर ‘नीट’, अभियांत्रिकीला जायचं तर ‘सीईटी’. रसायनशास्त्र दोन्हीकडे आहेच. मग सरावासाठी प्रश्नसंच आणले जातात. संध्याकाळी घरात विचारणा होते, “आज किती प्रश्न सोडवलेस?” उत्तर येतं, “शंभर.” त्यातले साठ बरोबर, चाळीस चूक. दुसऱ्या दिवशी नवे शंभर. महिना उलटतो, संच संपतात, पण साठाचे पासष्ट काही होत नाहीत. कारण ते चाळीस प्रश्न कोणी पुन्हा उघडून पाहिलेलेच नसतात.

एक साधं उदाहरण घेऊ. 4 ग्रॅम हायड्रोजन आणि 16 ग्रॅम ऑक्सिजन यांपासून जास्तीत जास्त किती पाणी तयार होईल? पर्याय चार : 9, 18, 20 आणि 36 ग्रॅम.

हायड्रोजन वायूचा एक मोल म्हणजे 2 ग्रॅम. म्हणजे आपल्याकडे तो दोन मोल आहे. ऑक्सिजनचा एक मोल 32 ग्रॅमचा, म्हणून तो अर्धाच मोल आहे. दोन मोल हायड्रोजनला एक मोल ऑक्सिजन लागतो. तेव्हा अर्ध्या मोलात एकच मोल हायड्रोजन वापरला जाईल, एक मोल पाणी होईल आणि 2 ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहील. चहाची पावडर चार कपांची आणि दूध दोनच कपांचं असेल, तर चहा दोनच कप होणार, तसंच हे. पाण्याचा एक मोल 18 ग्रॅमचा. उत्तर 18.

मग बाकीचे तीन आकडे आले कुठून? ज्यानं 4 आणि 16 यांची सरळ बेरीज केली, त्याला 20 मिळाले. सगळा हायड्रोजन वापरला जाईल असं ज्यानं धरलं, त्याचं उत्तर 36 आलं. आणि अर्ध्या मोल ऑक्सिजनपासून अर्धाच मोल पाणी होतं असं समजणाऱ्याला 9 मिळाले. त्यानं समीकरण संतुलित केलेलं नाही. चुका तीन आणि तिन्ही वेगळ्या. प्रश्न काढणाऱ्याला त्या आधीपासून माहीत असतात, म्हणूनच आपलं चुकीचं उत्तर पर्यायांत हमखास सापडतं. ते सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नये.

दुसरी सवय, आलेलं उत्तर अर्थाशी ताडून पाहण्याची. हायड्रोक्लोरिक आम्लाचं फार विरल द्रावण आहे, एका लिटरमध्ये दहाचा उणे आठवा घात इतके मोल. त्याचा सामू किती? सूत्रात आकडा घातला की 8 येतो. पण 25 अंश सेल्सिअसला 7 च्या वर सामू म्हणजे द्रावण आम्लारिधर्मी. पाण्यात आम्ल टाकल्यावर ते आम्लारिधर्मी होईल कसं? इथे थांबलं, की पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आठवतात. ते हिशेबात धरले की उत्तर 6.98 च्या आसपास येतं.

2025 च्या ‘नीट’मध्ये 180 प्रश्नांना 180 मिनिटं होती, त्यांत रसायनशास्त्राचे प्रश्न 45. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला एक वजा. म्हणजे फसव्या पर्यायावर बोट ठेवलं, तर बरोबर उत्तराच्या तुलनेत पाच गुणांचा फरक. शिवाय परीक्षेत कॅलक्युलेटर नसतो. मिनिटभरात नवा विचार सुचत नाही, अंगवळणी पडलेलीच रीत उपयोगी पडते. ती रीत घरीच घडवायला हवी.

त्यासाठी एक साधी वही करा. चुकलेला प्रश्न लिहा आणि खाली एका ओळीत कारण लिहा : कल्पना कळली नव्हती, समीकरण चुकलं, एकक बदलायचं राहिलं, की आकडेमोड घसरली. ‘घाईत चुकलं’ असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. आठ दिवसांनी तोच प्रश्न वही न पाहता सोडवा. पंधरवड्यात दिसून येईल, की चुका चाळीस नसतात. चार-पाचच असतात आणि त्याच वेष पालटून पुन्हा पुन्हा येतात.

पालकांना एवढीच विनंती, नवा संच आणण्याआधी जुना पुरता वापरून झाला का ते पाहा. आणि ‘किती सोडवलेस?’ऐवजी कधी तरी विचारा, “आज कोणती चूक सापडली?” ज्याला ती सांगता येते, त्याचा अभ्यास पुढे सरकतो आहे असं खुशाल समजा.